नवरात्रात मंदिराला सिक्युरिटी घेतली, गनमॅन न घेता: दोन वर्षांचा अनुभव

दिवाळीपासून ओळखीतल्या तीन मंडळांचे फोन आले, सगळ्यांचा प्रश्न एकच, ताई तुमच्याकडे गार्ड कुठून घेतले आणि गनमॅन घेतला होता का. प्रत्येकाला फोनवर अर्धा तास सांगण्यापेक्षा म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकावं. मी नाशिकच्या मखमलाबाद रोडकडच्या एका छोट्या देवीच्या मंदिराच्या ट्रस्टवर खजिनदार आहे, म्हणजे एजन्सीची कोटेशनं मागवणं, घासाघीस करणं, बिलं देणं आणि नंतर मीटिंगमध्ये सगळ्यांची बोलणी ऐकणं हे सगळं माझ्याकडे. एरवी मंदिर शांत असतं पण नवरात्रात पहाटे चारपासून रांग लागते, आणि देवीचे दागिने, चांदीचा मुखवटा, दानपेटी हे सगळं उघड्यावर असल्यासारखंच असतं, त्यामुळे सिक्युरिटी लागतेच.

आधी मागच्या वर्षीचं सांगते. त्या एजन्सीचं नाव इथे लिहिणार नाहीये, विचारू नका. त्यांचा माणूस आला तो 'टेंपल पॅकेज' घेऊनच आला, सहा गार्ड आणि एक गनमॅन, आणि म्हणाला मॅडम बंदूक दिसली की चोर फिरकतच नाही बघा. आमच्या ट्रस्टमधल्या काकांना ते एकदम पटलं. खरं सांगायचं तर मलाही पटलं होतं, कारण त्याच्या आदल्या वर्षी दानपेटीचं कुलूप उचकटायचा प्रयत्न झाला होता आणि ती भीती मनात होतीच.

पहिल्या माळेला गनमॅन आला तो मिलिटरीसारख्या चट्ट्यापट्ट्यांच्या ड्रेसमध्ये, खांद्याला बारा बोअरची दुनळी, कमरेला काडतुसांचा पट्टा. थेट सभामंडपात उभा. बायका ओटी भरायला वाकायच्या आणि दोन हातांवर त्या नळ्या. एक आजी मला म्हणाल्या, अगं देवीला डोळे भरून बघायला येते मी आणि नजर त्या बंदुकीवरच जाते. मी त्याला बाहेर उभं राहायला सांगितलं तर म्हणाला ड्युटी आत सांगितलीय.

चौथ्या माळेला जे झालं ते अजून डोळ्यासमोर आहे. दुपारची आरती संपली होती, गर्दी ओसरली होती, गनमॅन काका साबुदाण्याची खिचडी खायला दीपमाळेच्या चौथऱ्यावर बसले आणि बंदूक त्यांनी दीपमाळेला टेकवून ठेवली. मी हिशोबाची वही घेऊन ऑफिसातून बाहेर आले तर सहा-सात वर्षांचा एक मुलगा, हातात बत्तासा, दुसऱ्या हाताचं बोट त्या नळीच्या तोंडात घालून बघत होता. बोट अडकतंय का, एवढंच बघत होता बिचारा. मी ओरडले नाही, ओरडले असते तर तो दचकला असता, हळूच जाऊन त्याला उचलला आणि त्याच्या आईकडे दिला. मग काकांना विचारलं, यात गोळ्या आहेत का? ते म्हणाले, ताई असायलाच पाहिजेत ना, नाहीतर काय उपयोग. माझे पाय संध्याकाळपर्यंत थरथरत होते.

त्या काकांवर माझा राग नाही. अकरा तास उभे होते, भूक लागणारच, आणि बंदूक कुठे ठेवायची हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. राग त्यांना पाठवणाऱ्यांवर आहे. लायसन्सची झेरॉक्स मी पहिल्या दिवसापासून मागत होते, ती पाचव्या माळेला आली आणि त्यावर नाव भलत्याच माणसाचं! विचारलं तर म्हणे चालतं ओ, सगळीकडे असंच असतं. चालत नाही. शस्त्राचं लायसन्स त्या माणसाच्या नावावर असतं, एकाच्या लायसन्सवर दुसऱ्याने बंदूक घेऊन फिरायचं म्हणजे विनापरवाना शस्त्र बाळगणंच झालं. त्याच संध्याकाळी बंदोबस्ताला आलेल्या हवालदार दादांनी मला बाजूला घेऊन शांतपणे विचारलं, ताई, मंदिरात बंदूक आणायची नाही असा वेगळा कायदाच आहे, तुम्हाला कुणी सांगितलं नाही का? आम्ही गनमॅन तिथल्या तिथे बंद केला. पैसे पूर्ण नऊ दिवसांचे कापले गेले, परत मागितले तर शेवटपर्यंत फोन उचलला नाही.

आता यंदाचं. एका मैत्रिणीच्या सासऱ्यांच्या ओळखीतून एक छोटी एजन्सी मिळाली. मालक तोफखान्यातून रिटायर झालेले सुभेदार आहेत, देवळाली कॅम्पकडे राहतात, नाशिककरांना माहितीय तिकडे तोफखान्याचं स्कूल आहे आणि रिटायर होऊन इकडेच स्थायिक झालेले फौजी भरपूर आहेत. त्यांना माझा पहिला प्रश्न गनमॅनचाच होता कारण ट्रस्टमधल्या काकांनी मला तसं सांगूनच पाठवलं होतं. सुभेदारसाहेब म्हणाले, ताई, बँकेला देतो, ज्वेलरला देतो, मंदिराला नाही देत. आणि लगेच फाईलमधून एक कागद काढला, त्यावर कायद्याचं कलम छापलेलं, खाली पेन्सिलीने रेघा मारलेल्या.

तो कायदा आहे धार्मिक संस्था (गैरवापर प्रतिबंध) अधिनियम, १९८८. त्या वर्षी मे महिन्यात अमृतसरला सुवर्णमंदिरात 'ऑपरेशन ब्लॅक थंडर' झालं होतं, आत शस्त्रं घेऊन बसलेल्या अतिरेक्यांना बाहेर काढावं लागलं होतं, त्यातूनच हा कायदा आला. पण तो लागू सगळ्यांना आहे, मंदिर, मशीद, चर्च, गुरुद्वारा, सगळं. कलम ४ सांगतं की धार्मिक संस्थेने किंवा तिच्या व्यवस्थापकाने शस्त्र, दारूगोळा किंवा शस्त्र घेतलेला माणूस आत येऊ द्यायचा नाही. अपवाद दोनच, एक शीख माणसाची किरपाण आणि दुसरा त्या संस्थेच्या रूढीप्रमाणे धार्मिक विधीत वापरलं जाणारं शस्त्र. सिक्युरिटी एजन्सीचा गनमॅन या दोन्हींत कुठेच बसत नाही. आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. व्यवस्थापक म्हणजे कोण, तर आम्हीच! ते पॅकेज विकणाऱ्याने यातलं अक्षर सांगितलं नव्हतं आणि आम्ही ट्रस्टींनी सह्या करून मोकळे.

मीटिंगमध्ये मी तो कागद वाचून दाखवला तेव्हा खरी वादावादी झाली, आणि तीही लिहिते कारण बऱ्याच मंडळांत हेच होणार आहे. आमच्यातला एक तरुण ट्रस्टी, मनापासून देवीचं करणारा मुलगा, तो म्हणाला की आपली देवीच शस्त्रधारी आहे, वणीच्या सप्तशृंगीचे अठरा हात, हातांत आयुधं, आपण खंडेनवमीला शस्त्रांची पूजा करतो, आणि आपल्यालाच सांगतात शस्त्र आणू नका, हा धर्मात हस्तक्षेप नाही का? प्रश्न चुकीचा नाहीये. पण उत्तर त्याच कलमात आहे ना. आमच्या मंदिराची जुनी तलवार आहे, दसऱ्याला पालखीपुढे निघते, ती काही कायद्याने अडवलेली नाही, ती विधीचा भाग आहे. घटनेच्या कलम २५ मध्ये धर्मस्वातंत्र्य दिलंय ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य सांभाळून दिलंय, आणि किरपाण धारण करणं हा शीख धर्म पाळण्याचाच भाग आहे हे तर त्याच कलमाच्या खुलाशात स्पष्ट लिहिलंय. म्हणजे देवीची तलवार देवीची, किरपाण ज्याच्या श्रद्धेची त्याची. भाड्याने आणलेली दुनळी कुणाच्या श्रद्धेत बसते ते मला सांगा.

आणि आपण नाशिकचे आहोत. सिंहस्थात आखाड्यांची शस्त्रं आपण लहानपणापासून बघितलीत, त्रिशूळ, तलवारी, भाले, मिरवणुकीत मानाने चालतात. पण वैष्णव आखाडे रामकुंडावर आणि शैव त्र्यंबकला कुशावर्तावर असं वेगळं स्नान का करतात, तर पेशवाईत स्नानाच्या मानावरून साधूंमध्येच रक्तपात झाला म्हणून. श्रद्धा खरी असली तरी हातात हत्यार आणि अंगावर गर्दी असली की काय होतं हे या गोदाकाठाने बघितलेलं आहे.

काकांचा मुद्दा वेगळा होता, तोही मी उडवून लावत नाही. ते म्हणाले उद्या खरंच कुणी बंदूक घेऊन आत घुसला तर तुमचे दांडकेवाले काय करणार? गांधीनगरच्या अक्षरधामवर २००२ मध्ये हल्ला झाला तो सगळ्यांच्या लक्षात आहे. माझा मावसभाऊ अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात असतो, त्यालाही मी हे विचारलं, तर त्याने तिकडचं सांगितलं ते ऐकून डोकं गरगरलं. तिकडे प्रश्न बरोब्बर उलटा आहे. २०२२ मध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टाने बंदूक बाळगून बाहेर फिरायचा हक्क मोठा केला, मग न्यूयॉर्कने नवीन कायदा करून काही जागा 'संवेदनशील' ठरवल्या, त्यात प्रार्थनास्थळं सरसकट घातली. लगेच काही चर्चचे पाद्री कोर्टात गेले की आमच्या लोकांचं रक्षण करणं हाच आमच्या धर्माचा भाग आहे, चर्चच्या स्वतःच्या सुरक्षेच्या माणसांनाही तुम्ही बंदी कशी घालता. पुढच्या वर्षी मे महिन्यात कायदा बदलून सुरक्षेची जबाबदारी असलेल्यांना सूट दिली, आणि डिसेंबर २०२३ मध्ये अपील कोर्टाने एका चर्चच्या बाबतीत ती बंदी रोखलेलीच ठेवली, का तर दुकानदाराला स्वतःच्या जागेत बंदूक चालेल की नाही हे ठरवता येतं आणि चर्चला मात्र येत नाही, हा धर्माशी दुजाभाव होतो म्हणून.

त्यांचं दुःख खरं आहे. विस्कॉन्सिनमध्ये ओक क्रीकच्या गुरुद्वारात २०१२ साली लंगरची तयारी चालू असताना गोळीबार झाला, चार्ल्सटनच्या चर्चमध्ये २०१५ साली बायबल वाचायला बसलेली नऊ माणसं मारली, पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये २०१८ साली अकरा. आणि टेक्सासच्या एका चर्चमध्ये डिसेंबर २०१९ मध्ये हल्लेखोराला तिथल्याच स्वयंसेवकाने सहा सेकंदांत गोळी घातली, तरी तेवढ्यात दोन जीव गेले होते. तिकडे बंदूक कुणाकडेही असू शकते म्हणून प्रार्थनेला बसलेल्या माणसालाही ती लागते असं वाटतं. आपल्याकडे लायसन्सशिवाय बंदूक ठेवता येत नाही, २०१९ च्या दुरुस्तीने तर लायसन्सवरची शस्त्रं तीनवरून दोनवर आणली. मग तिकडची भीती आपण आपल्या सभामंडपात कशाला आणून उभी करायची? मी काकांना एवढंच म्हटलं, गेल्या वर्षी नऊ दिवसांत आपल्या देवळात सगळ्यात मोठा धोका कुठला होता आठवा, दीपमाळेला टेकवलेला होता. काका गप्प बसले आणि मग त्यांनीच ठरावाला अनुमोदन दिलं.

आता एजन्सीच्या कामाबद्दल, कारण रिव्ह्यू त्याचाच आहे. सुभेदारसाहेबांनी आधी येऊन दोन तास मंदिर पायी फिरून बघितलं, पावलं मोजली, मागची भिंत कुठून चढता येते ते स्वतः चढून दाखवलं (वय साठच्या पुढे!). मग लेखी प्लॅन दिला. आत यायला एकच वाट, बाहेर पडायला दुसरी, गेटवर मेटल डिटेक्टरची चौकट, दोन हातातले डिटेक्टर, आठ गार्ड, त्यात दोन बायका, दानपेटीवर कॅमेरा. दागिने रोज रात्री शेजारतीनंतर पंचांसमोर मोजून ठेवायचे आणि बँकेच्या दिवशी लॉकरला न्यायचे, शस्त्रधारी पोलीस लागतील तेवढे पोलीस स्टेशनला अर्ज करून मागायचे. दुनळीच्या भाड्यात हे सगळं बसलं, वर थोडे उरले.

गार्डची पोरं साध्या निळ्या शर्टात. मिलिटरीसारखा किंवा पोलिसासारखा ड्रेस खासगी गार्डला घालता येत नाही, २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सीच्या कायद्यातच आहे ते, मला गेल्या वर्षी कुठे माहीत होतं. प्रत्येकाचं ट्रेनिंगचं सर्टिफिकेट न मागता फाईलला लावून दिलं. नियमाप्रमाणे १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष ट्रेनिंग लागतं, तुमच्या एजन्सीला हे एकदा विचारून बघा, चेहऱ्यावरूनच कळतं.

दुसऱ्या माळेला शिंगाडा तलावाकडचे एक सरदारजी सहकुटुंब आले, ट्रान्सपोर्टचा धंदा आहे, दरवर्षी येतात. डिटेक्टर वाजला, नव्या पोराने किरपाण बघून हात आडवा केला आणि म्हणाला, काढून ठेवा मग आत जा. पाजींच्या चेहऱ्यावर जे आलं ते राग नव्हता, वाईट वाटलं होतं त्यांना. सुभेदारसाहेब वीस पावलांवरून आले, आधी पाजींना नमस्कार केला, म्हणाले, माफ करा, पोरगं नवीन आहे, आपण या आत. मग पोराला दोरीच्या पलीकडे नेऊन समजावलं, सगळ्यांसमोर नाही. तो विचारत होता, सर मग चाकूवाल्याला का अडवायचं? साहेब म्हणाले, चाकू त्याच्या खिशात आहे, किरपाण त्यांच्या धर्मात आहे, तू ती काढायला सांगितलीस म्हणजे त्यांना अर्धं बाहेर ठेवून ये म्हणालास. संध्याकाळी ते पोरगं स्वतः पाजींच्या लेकीला प्रसादाचा द्रोण देत होतं.

शेतकऱ्यांचंही सांगायला हवं. नवरात्राच्या सुमारास इकडे द्राक्षाच्या छाटण्या सुरू होतात, माणसं बागेतून सरळ दर्शनाला येतात, खिशात छाटणीची कात्री असतेच. ती काही शस्त्रकायद्यातलं हत्यार नाही, पण गर्दीत कुणाच्या पोटाला लागायला नको म्हणून टोकन देऊन ट्रेमध्ये ठेवायचे आणि जाताना परत. नऊ दिवसांत एकही कात्री बदलली नाही की हरवली नाही. ज्याची कात्री असते त्याला ती किती प्यारी असते हे द्राक्षवाल्यांनाच कळेल!

आणि सहाव्या माळेला ते आले. आमच्या भागातले जमिनीच्या व्यवहारातले मोठे नाव, कमरेला रिव्हॉल्व्हर, लायसन्स एकदम पक्कं. देणगीदार आहेत, मंदिराची फरशी त्यांनीच दिलीय, त्यामुळे माझ्या पोटात गोळा आला. त्यांनी लायसन्स दाखवलं. सुभेदारसाहेबांनी ते नीट वाचलं, परत दिलं आणि म्हणाले, साहेब कागद बरोबर आहे, पण लायसन्सने इथली बंदी उठत नाही. ते म्हणाले बरं मग ऑफिसच्या तिजोरीत ठेवा. मी हो म्हणणारच होते! साहेबांनी मला खुणेने थांबवलं, कारण दुसऱ्याची बंदूक ट्रस्टने ताब्यात ठेवायची म्हणजे तोही गुन्हाच, आणि मंदिराच्या आत शस्त्र साठवणं हे तर १९८८ च्या कायद्यात वेगळं लिहिलंय. गाडीत सोडून या असंही ते म्हणाले नाहीत, गाडीची काच फोडायला किती वेळ लागतो. म्हणाले, आपण घरी ठेवून या, तुमचा रांगेतला नंबर मी स्वतः धरतो. आणि खरंच धरला, एका गार्डला त्यांच्या जागी उभं केलं. पाऊण तासाने ते धोतर-सदऱ्यात परत आले आणि ओटीचं ताट घेऊन रांगेत उभे राहिले. जाताना मला म्हणाले, वहिनी, पुढच्या वर्षी बाहेर मोठा बोर्ड लावा, खर्च मी देतो. बोर्ड तयार झालाय.

आमच्या मंडळातल्या पोरांना दसऱ्याला पालखी निघताना हवेत बार काढायचे होते, ओळखीच्या कुणाचं तरी लायसन्स होतं म्हणे. साहेबांनी ते एका वाक्यात संपवलं, आनंदात केलेला गोळीबार हा २०१९ पासून वेगळा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि त्यात धार्मिक ठिकाणं नाव घेऊन लिहिलीत. देवीच्या तलवारीसाठी मात्र त्यांनीच पोलीस स्टेशनला अर्ज लिहून दिला, कारण शहरात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा मनाई आदेश असतो आणि मिरवणुकीत उगाच कुणी अडवायला नको. तलवार म्यानात, दोन मानकरी ठरलेले, बाहेर काढली किती वाजता आणि परत ठेवली किती वाजता याची वहीत नोंद. सीमोल्लंघन झालं, सोनं वाटलं, तलवार पावणेनऊला देव्हाऱ्यामागे परत.

तक्रारीही आहेत. तिसऱ्या माळेला पहाटेची शिफ्ट वीस मिनिटं उशिरा आली आणि काकड आरतीला गेटवर मीच उभी होते. वॉकीटॉकी अगदीच टुकार, मागच्या गेटचं पुढे ऐकू यायचं नाही. रात्रीचा एक गार्ड मोबाईलमध्ये डोकं घालून, तो सांगितल्यावर बदलला. व्हीलचेअर त्या डिटेक्टरच्या चौकटीतून जात नव्हती, एका आजोबांना बाजूने नेऊन हाताने तपासावं लागलं, त्यांना अवघडल्यासारखं झालं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे अष्टमीला दोन लेडीज गार्ड अजिबात पुरल्या नाहीत, पडद्यामागे तपासणीला बायकांची रांग रस्त्यापर्यंत आली, लेकुरवाळ्या उन्हात उभ्या. कोटेशन घेताना अठरा टक्के जीएसटी धरूनच आकडा विचारा, मी विसरले होते.

पाचपैकी चार देते, एक कापला तो अष्टमीच्या रांगेसाठी. पुढच्या नवरात्राचं टोकन देऊन ठेवलंय, चार लेडीज गार्ड लिहून घेतल्यात. ज्यांना घ्यायची आहे त्यांनी लवकर हलवा, २०२७ च्या सिंहस्थाची कामं सुरू झाली की शहरातले चांगले गार्ड मिळणं अवघड होणार आहे. नंबर पाहिजे असेल तर मंदिरात संध्याकाळी आरतीनंतर या, मी असते, कलम ४ ची झेरॉक्स पण देते.